आजोबांच्या तोफखाना रेजिमेंटचा इतिहास कसा शोधावा

सुरुवात घरातल्या डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे सैन्य सोडताना मिळालेल्या सेवापुस्तिकेपासून करा. त्यातला सेवा क्रमांक, हुद्दा, भरतीची तारीख आणि युनिट जसंच्या तसं उतरवून घ्या. पदकं असतील तर कडा भिंगाखाली पाहा. क्रमांक आणि नाव सहसा तिथेच कोरलेलं असतं. पितांबरी किंवा ब्रासोने घासू नका, कडेवरची अक्षरं झिजली की पुरावाच गेला.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो रेजिमेंट आणि बॅटरी (रेजिमेंटमधली तोफांची तुकडी) यांच्या क्रमांकांत. फील्ड रेजिमेंटमध्ये सहसा सहा तोफांच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे 18 तोफा. बॅटरी काही वेळा रेजिमेंटपेक्षा जुनी असते आणि तिचा मान तिच्यासोबतच राहतो. 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी 28 सप्टेंबर 1827 ला उभी राहिली. म्हणूनच 28 सप्टेंबर हा गनर्स डे, म्हणजे तोफखान्याचा दिवस. 1947 च्या फाळणीत तोफखान्याच्या तुकड्याही वाटल्या गेल्या, त्यामुळे त्याआधीचं युनिट आज भारतात सापडेलच असं नाही.

रेजिमेंटचं निशाण, म्हणजे ध्वजही शोधू नका. तोफखान्यात तोफ हीच निशाण, तिलाच सलामी. त्याऐवजी युद्धातल्या कामगिरीबद्दल युनिटला मिळालेला ‘कारगिल’सारखा सन्मान-किताब शोधा.

मग नाशिक रोड कॅम्पातल्या तोफखाना अभिलेख कार्यालयाला लेखी अर्ज करा. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत आणि नात्याचा पुरावा जोडा. अर्ज अडला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीकडे जाऊ नका. तिथे प्रशिक्षण चालतं.