पॅडल कोच आणि खेळाडू: कधी बोलायचं, किती बोलायचं

पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टवर जोडीने खेळायचा, टेनिससारखा खेळ. त्यात कोच शिकवतो एकाला, पण कोर्टवर उतरतात दोघं. त्यामुळे कोच-खेळाडूच्या नात्यात जोडीदार पहिल्या दिवसापासून असतोच. त्याला वगळून केलेली आखणी पहिल्याच अटीतटीच्या गेममध्ये कोलमडते.

पहिल्या भेटीत चेंडूंची बास्केट बाहेर काढू नका. खेळाडूला नेहमीच्या जोडीदाराबरोबर एक सेट खेळू द्या, आपण तोंड मिटून बसा आणि कागदावर तीनच गोष्टींच्या खुणा करा: लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू) आल्यावर तो काय करतो, मागच्या काचेवरून आलेले किती चेंडू परततो, आणि पॉइंट गेला की जोडीदाराकडे कसा बघतो. मग विचारा: कुठल्या बाजूला खेळायचंय, आठवड्यातून किती दिवस जमेल, कोपर-खांदा दुखतो का, आणि चूक तिथल्या तिथे सांगितलेली चालते की ड्रिल संपल्यावर. हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही आणि बरीचशी कुरबुर तिथूनच सुरू होते. खेळाडू वयाने कोचपेक्षा मोठा असेल तर जास्तच.

ड्रिलमध्ये एका वेळी एकच दुरुस्ती. काचेचंच बघा. चेंडू काचेवरून परत येतो, खेळाडू अडकतो, रॅकेट पोटाशी येते. कोच ओरडतो, ‘जागा कर!’ तो बिचारा मागे सरकतो आणि काचेला आणखी चिकटतो. बहुतेक वेळा तो उशिरा वळलेला असतो, दोष तिथे असतो. म्हणून सांगायचं एवढंच: चेंडू नेट ओलांडायच्या आत खांदे वळव. खांदे वेळेवर वळले की चेंडूला आपल्या बाजूने काचेकडे जाऊ द्यायचं, छोटी पावलं टाकत त्याच्याबरोबर मागे जायचं, आणि तो काचेवरून सुटला की त्याच्याबरोबरच पुढे येत शरीराच्या पुढे मारायचा. आधी हाताने फेकलेले 10 चेंडू, मग रॅकेटने दिलेले 20. दहात सात नीट जाईपर्यंत पकड, मनगट यांबद्दल ब्र काढायचा नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो स्मॅशवरून. सर्व्हिस लाइन नेटपासून 6.95 मीटरवर असते. तिच्याही मागून जोरात हाणलेला स्मॅश बऱ्याचदा समोरच्यांच्या काचेवरून उसळून त्यांना आरामात मिळतो, आणि मारणारा तोल जाऊन मागेच राहतो. कोच म्हणतो बांदेहा मार, म्हणजे चेंडू थोडा कापून, खोल टाकून नेटवरची जागा राख. खेळाडूला ते भित्रेपणाचं वाटतं. वाद घालू नका, मोजा. त्याच जागेवर 20 लॉब द्या, दहांवर स्मॅश, दहांवर बांदेहा, समोर दोन खेळाडू. किती वेळा पुढचा चेंडू नेटजवळून खेळता आला ते खेळाडूलाच लिहू द्या. आकडा स्मॅशच्या बाजूने आला तर कोचने मुकाट्याने मान्य करावं.

मॅचमध्ये बाजू बदलताना 90 सेकंद मिळतात. पहिले 30 पाणी आणि श्वास, तेव्हा बोलू नका. मग विचारा, ‘काय दिसतंय?’ उत्तर ऐका आणि एकच सूचना द्या, तीही दोघांना मिळून: ‘डावीकडच्याच्या डोक्यावरून लॉब, आणि दोघं एकदम पुढे.’ ‘दडपण घेऊ नका’ ही सूचना नव्हे, त्यावर करायचं काहीच नसतं. बाकावरून बोलायची मुभा आहे का, हे त्या स्पर्धेच्या नियमांत आधीच पाहून ठेवा.

जोडीदाराची चूक खेळाडूशी एकट्याने बोलू नका, ती त्याच्यापर्यंत तिखटमीठ लावून पोहोचतेच. भांडण लागतं ते मधल्या चेंडूवरून. दोघं उजवे असतील तर डावीकडच्याचा फोरहँड मध्ये येतो, तेव्हा साधारणपणे चेंडू त्याचा. पण उजव्या बाजूला डावखुरा असेल तर दोघांचेही फोरहँड मध्ये येतात आणि रॅकेटला रॅकेट भिडते. अशा जोडीला बसवून ठरवा: चेंडू ज्याच्या तिरक्या दिशेने येतोय त्याचा, आणि ‘माझा’ असं मोठ्याने म्हणायचं.

खेळाडूनेही आपलं काम करायचं असतं. सूचना कळली नाही तर ‘का?’ विचारा, मान डोलावून सोडू नका. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर त्याच दिवशी सांगा. घट्ट पकड, उशिरा लागलेला बॅकहँड किंवा जड डोक्याची रॅकेट यांपैकी काहीतरी असू शकतं, आणि कोच पुढच्या सरावातून ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरून मारायचे फटके, कमी करू शकतो. दुखणं लपवून 100 चेंडू मारलेत, तर कोच तंत्रातली चूक शोधत बसेल आणि तुम्ही फिजिओच्या दारात.