लहान मुलांना घेऊन कमाटीबागेतलं म्युझियम: महामारीच्या दिवसांत फेरी कशी आखावी

कोरोनासारख्या साथीची लाट ओसरली असेल, दारं उघडली असतील आणि घरात कोंडलेलं पोर तुमच्या डोक्यावर मिरे वाटत असेल, तर बडोद्याच्या कमाटीबागेतलं म्युझियम गाठा. मॉलपेक्षा ते मला बरं वाटतं, कारण इमारत बागेतच उभी आहे. आत गर्दी दिसली की पाय मागे घ्यायचा, झाडाखाली बसायचं. मुलाला वाटतं बागेत आलोय, तुमचाही दिवस वाया जात नाही.

आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा आणि एका वेळी किती जणांना सोडतात तेही विचारा. अशा काळात नियम आठवड्यागणिक बदलतात. घरात कुणाला नुसता खोकला असला तरी बेत रद्द.

मग दोनच वस्तू ठरवा. हे म्युझियम सयाजीराव महाराजांनी १८९४ मध्ये उभं केलं, शेजारची चित्रशाळा १९२१ मध्ये खुली झाली. सगळं बघायचं म्हटलं तर मोठ्यांचेही पाय दुखतात, साडेचार वर्षांच्या पोरीची काय कथा! आम्ही देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी निवडली. देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. लांबी सुमारे ७२ फूट. हा आकडा मुलाला सांगून उपयोग नाही, गल्लीत चालून दाखवा: मोठ्या माणसाची साधारण तीस पावलं. आमची पोरगी बाराव्या पावलावर थांबून म्हणाली, "अजून मासाच?" तिथेच निम्मं काम झालं.

राजा रविवर्म्याची चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये आहेत. ती मूल जरा मोठं झाल्यावर.

मास्कचं सांगायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या २०२१ च्या कोरोनाकाळातल्या सूचनांनुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको होता. सहा ते अकरा वयाच्यांना नीट वापरता येत असेल तर आईबाबांच्या नजरेखाली चालत होता. म्हणजे धाकट्याचा बचाव तुमच्याच मास्कवर आहे, तो हनुवटीवर लटकवू नका. जास्तीचे दोन-तीन पिशवीत टाका. आमच्या थोरल्याचा मास्क एकदा दारातच चिखलात पडला, दुसरा नव्हता, आणि त्याला घेऊन मी बाहेरच बसले.

खरी कसोटी काचेच्या कपाटापाशी लागते. दोन्ही पंजे काचेवर, नाक चेपलेलं, श्वासाचं धुकं, आणि त्याच जागी आधीच्या पोराच्या बोटांचे ठसे. "हात लावू नको" दहादा ओरडून काही होत नाही. आम्ही "आजोबा-चाल" काढली: हात पाठीमागे बांधायचे, पोट पुढे, अगदी रावपुऱ्यात संध्याकाळी फिरणाऱ्या आजोबांसारखं. हात सुटले की आऊट. पोरं चक्क अर्धा तास तशी चालली. पहारेकरीही हसत होता.

दार उघडताच आत जा, चाळीस मिनिटांत बाहेर या. बंद दालनात हवा कोंडते आणि विषाणू तिथेच रेंगाळतो, म्हणून पुढे माणसं साचली असतील तर ते दालन सोडा. ममीपाशी मूल घाबरलं तर ओढत नेऊ नका. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना बागेतल्या बाकावर बसवा आणि आईबाबांनी आळीपाळीने आत जावं. आजींना यात अपमान वाटतो. डबा त्यांच्या ताब्यात दिला की वाटत नाही.

बाहेर आल्यावर आधी हात, साबणाने वीस सेकंद. नळ नसेल तर सॅनिटायझर. मग डबा उघडायचा. मास्क उतरवायची जागा ही, उघड्यावर, दुसऱ्या कुटुंबापासून लांब. फुलांचं घड्याळ बघून घरी.

घरी आल्यावर जुन्या ओढणीच्या पट्ट्या कापून द्या. आमच्याकडे बाहुलीची ममी झाली आणि पट्ट्यांवरून तिला मास्कही लागला.