बेली डान्सचं फोटोशूट: आधी कमरेवरचे वळ घालवा
बेली डान्सच्या फोटोत नजर आधी पोटा-कमरेवर जाते, आणि नेमके तिथेच नाडीचे, जीन्सचे वळ उठलेले असतात. शूटच्या तीन तास आधीपासून सैल गाऊन घाला, इलॅस्टिकचं काहीच नको. वळ एडिटिंगमध्ये पुसता येतात, पण मग त्वचा प्लास्टिकची वाटते.

मण्यांचा कंबरपट्टा जड, नाचताना घसरतोच. आतून चार सेफ्टी पिना लावा: दोन कडेला, दोन मागे. पिन अस्तराच्या कापडातून घ्या. मण्यांच्या दोऱ्यात अडकली तर दोरा तुटून अख्खी झालर ओघळते. सुईदोरा जवळ ठेवा.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या पुढे जातो. बाहेरचं शूट सकाळी आठच्या आत उरका. नंतर पट्ट्याची नाणी तापतात आणि घामाबरोबर बॉडी मेकअप पोशाखाला लागतो. भुईकोट किल्ल्यात काढायचे असतील तर परवानगीचं आधी विचारा.

फोटोग्राफरशी शटर स्पीडचं (शटर किती वेळ उघडं राहतं त्याचं) बोलून घ्या. उडती ओढणी स्थिर हवी तर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. शिमीला, म्हणजे कंबर झपाझप थरथरवण्याला, मात्र १/३० च्या आसपास, म्हणजे झालर थरथरताना दिसते. नाहीतर नुसतं उभं राहिल्यासारखा फोटो येतो.