स्पर्धा परीक्षेचं ध्येय ठरवताना या चुका टाळा

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दरवर्षी नवी मुलं येतात आणि त्याच चुका नव्याने करतात. बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे तासांचं ध्येय. 'रोज १४ तास' असा कागद टेबलासमोर चिकटतो. आमच्या अभ्यासिकेत लातूरकडचा एक मुलगा होता. पहाटे पाच ते रात्री अकरा असं वेळापत्रक, प्रत्येक विषयाला वेगळं स्केचपेन, मेसच्या जेवणाला वीस मिनिटं. पहिल्याच आठवड्यात तापाने दोन दिवस गेले. बुडालेले तास त्याने पुढच्या दिवसांत कोंबले, ते जमेनात, मग नवा कागद. दिवाळी आली तरी राज्यघटनेतली मूलभूत हक्कांची कलमं, १२ ते ३५, एकदाही सलग वाचून झाली नव्हती. शेवटी तो कागद काढायला लावला आणि चिठ्ठीवर उद्याचं एकच काम लिहून घेतलं: 'सकाळी ९ ते ११, कलम १२ ते १८, त्यावरचे जुने प्रश्न.' झालं की खोडायचं, रात्री पुढचं लिहायचं. मीही माझी कामं अशीच लिहितो. त्यासाठीची मोबाईल ॲप्स मला पटत नाहीत, ती भरण्यातच वेळ जातो.

'यंदा पोस्ट काढायचीच' हेही ध्येय म्हणून कुचकामी आहे. जागा किती निघतील, कटऑफ कुठे लागेल, कुणाला ठाऊक? राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सीसॅटला, म्हणजे उतारे, गणित, बुद्धिमत्ता यांच्या पेपरला, पात्र ठरायला ३३ टक्के लागतातच, आणि घाई झालेली मुलं नेमका तोच पेपर 'नंतर बघू' म्हणून सोडतात. दर रविवारी एक जुना सीसॅट पेपर, घड्याळ लावून दोन तासांत, आणि चुकलेले प्रश्न वहीत. एवढं ठरवा.

टॉपरचं वेळापत्रक उचलू नका. राज्यसेवा, बँक आणि रेल्वे एकदम धरू नका. दोन दिवस खंड पडला तर जिथे थांबलात तिथूनच पुढे जा, मागची भरपाई नको.

एक गोष्ट मात्र पुण्यात खोली घेण्याआधीच ठरवा: किती प्रयत्न द्यायचे आणि नाही जमलं तर पुढे काय. घरी आई-वडिलांसमोर बसून, खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी यांचा हिशोब मांडून ठरवा आणि प्रयत्नांचा तो आकडा त्यांच्यादेखत लिहून ठेवा.