अर्काचा झोन आला म्हणून नाचू नका: प्रोजेक्टवाल्यांनो, या चुका टाळा

जानेवारी उजाडला की एमएस्सीची पोरं बाटल्या घेऊन लॅबमधे हजर, कुणाची तुळस, कुणाचा कडुलिंब, कुणाचा लसूण. जंतू पसरलेल्या प्लेटवर अर्क टाकायचा आणि त्याच्याभोवती जंतू न वाढलेलं रिकामं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचा. रिपोर्टचा शेवट मात्र सगळ्यांचा एकच, "हा अर्क अँटीबायोटिकला पर्याय ठरू शकतो", आणि तो प्लेट ओतायच्या आधीच टाईप करून ठेवलेला असतो.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते कंट्रोल, म्हणजे अर्काशिवायची तुलनेची चाचणी, न लावणाऱ्यांवर. मागे एक पोरगा धावतच आला, सर, कडुलिंबाने एमआरएसएवर (मेथिसिलिनसारख्या अँटीबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफ ऑरियस जंतूवर) १६ मिमीचा झोन दिला! फोटो स्टेटसला टाकूनही झालेला. म्हटलं अर्क इथेनॉलमधे काढलास, मग नुसत्या इथेनॉलची वेल (अगारमधलं छोटं भोक) कुठंय, तर म्हणे प्लेटमधे जागा उरली नाही. मग माझ्यासमोर परत लावायला लावलं, एका वेलमधे अर्क, शेजारी नुसतं इथेनॉल. दुसऱ्या दिवशी मोजलं तर अर्क १६, इथेनॉल १५. राहिलेला एक मिलिमीटर पट्टी जरा तिरकी धरली तरी जातो.

एवढ्यावर भागलं नाही. एमआरएसए कशावरून, तर स्लँटवर (जंतू ठेवलेल्या नळीवर) तसं लिहिलंय म्हणून. सेफॉक्सिटिन या अँटीबायोटिकची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क (कागदी चकती) ठेवली तर झोन २७ मिमी. स्टॅफ ऑरियसला २२ किंवा जास्त आला की तो एमआरएसए नाहीच. म्हणजे साध्या स्टॅफला दारू पाजून हा रेझिस्टन्स जिंकून आला होता.

मी स्वतः अर्कातलं इथेनॉल वॉटरबाथवर पूर्ण उडवतो, घाई असेल तरी एक रात्र जाऊ देतो, उरलेला गाळ डीएमएसओ या द्रावकात घेतो आणि तेवढ्याच डीएमएसओची वेगळी वेल लावतो. कंटाळा येतो, पण येऊ दे.

दुसरं म्हणजे डोसची तुलना. तुमचा अर्क १०० मिग्रॅ प्रति मिली, वेलमधे १०० मायक्रोलिटर, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. शेजारच्या अँटीबायोटिकच्या डिस्कमधे ३०. आणि मग दोघांचे बार ग्राफमधे शेजारी शेजारी! एवढं ओतलं तर फिनाईलही झोन देईल. त्यात हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, अगारमधे पसरतच नाही, म्हणून तिचा झोन छोटा आला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. ब्रॉथमधे (पातळ माध्यमात) एमआयसी काढा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण. अर्काच्या रंगामुळे गढूळपणा दिसत नसेल तर रेझाझुरिन घाला, जंतू जिवंत असले की निळ्याचं गुलाबी होतं.

लसूण ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करू नका), अ‍ॅलिसिन उष्णतेने जातं. पाकळी ठेचा, दहा मिनिटं थांबा (अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतंच, ठेचल्यावर तयार होतं), मग जंतू गाळायला ०.२२ मायक्रॉन फिल्टर.

लिंबू, आवळा, चिंच असेल तर आधी पीएच बघा, झोन नुसत्या आंबटपणाचाही असू शकतो.

वनस्पतींत दम नाही असं मी म्हणत नाहीये. दारुहळदीतलं जंतूंना मारक बर्बेरिन स्टॅफ आपल्या नॉर-ए पंपाने (पेशीत शिरलेलं औषध बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनाने) बाहेर फेकतो, आणि त्याच बर्बेरिस गटातल्या झुडपांत तो पंप अडवणारं दुसरं रसायन २००० साली सापडलं. पण ते शोधणाऱ्यांनी आधी पंप समजून घेतला होता, स्टेटस नव्हतं टाकलं.

त्या पोराच्या स्टेटसवर त्याच्या शुगरवाल्या मामाने विचारलं होतं, "पायाच्या जखमेला मग पालाच लावू का, गोळ्या बंद करून?" मामाला फोन आधी लाव म्हटलं, प्लेटा नंतर धू.