माजी सैनिकांसाठी दौड काढताय? या चुका टाळा

पुण्याहून साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीपर्यंत आम्ही टप्पे वाटून धावलो, त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. गावाच्या नावात ‘मिलिटरी’ आहे ते त्यामुळेच. धावणं आम्हाला जमलं. चुका झाल्या त्या धावण्याबाहेर, आणि त्या अजून बोचतात.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. नऊला पोहोचतो म्हणालो आणि साडेअकराला पोहोचलो. सत्तरी ओलांडलेले सुभेदार, हवालदार पदकं लावून उन्हात उभे होते, शेजारी दोन वीरपत्नी. शिस्त अंगात मुरलेली. पाहुणे येईपर्यंत कुणी बसलं नव्हतं. म्हणून वेळ ठरवताना सगळ्यात सावकाश धावणाऱ्याचा वेग धरा, खंबाटकीचा चढ वेगळा मोजा आणि वर एक तास हाताशी ठेवा. तरीही उशीर होतोय असं दिसलं, तर लगेच फोन करा आणि उरलेलं अंतर गाडीने कापा. सगळं अंतर पायांनीच कापायचं, या हट्टापायी आम्ही ते केलं नाही. दौड कुणासाठी आहे हेच त्या अडीच तासांत विसरलो.

दुसरी चूक फ्लेक्सवरची. ‘माजी सैनिकांना श्रद्धांजली’ असं छापून आलं होतं. माणसं हयात, समोर उभी! शब्द ‘मानवंदना’ हवा. छपाईला देण्याआधी मजकूर एखाद्या माजी सैनिकालाच वाचायला द्या.

तिरंग्याबाबत उत्साह आवरा. ध्वजसंहिता 2002 नुसार तो कमरेखालच्या पोशाखावर चालत नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही. दमलेला धावपटू झेंडा कुठे टेकवेल याचा नेम नसतो, म्हणून तो घ्यायला दर टप्प्यावर ताजा माणूस ठेवा. लष्करी गणवेशासारखे टी-शर्टही नकोत.

तारीख बहुतेक जण 14 जानेवारी धरतात. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच दिवशी निवृत्त झाले, म्हणून हा माजी सैनिक दिन. पण त्याच सुमारास संक्रांत असते. घरोघरी पाहुणे, आणि रस्त्यावर मांजा, जो धावणाऱ्याच्या गळ्याला लागू शकतो. अलीकडचा किंवा पलीकडचा रविवार बरा.

देणगी कुणाच्या खासगी यूपीआयवर घेऊ नका. पैसे कुठे जाणार ते आधी जाहीर करा: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ध्वजदिन निधीला, की मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीच्या खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्राला. ‘भारत के वीर’ हा निधी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी आहे, सैन्यासाठी नाही. इथे पुष्कळांची गल्लत होते. आणि 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही.

धावताना नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखरेचं पाणी घ्या. कुणी असंबद्ध बोलू लागला, तर त्याला तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी मारा आणि दवाखान्यात हलवा. ‘अजून दोनच किलोमीटर’ म्हणून पुढे ढकलू नका. पहाटेच्या अंधारात चमकणारी जाकिटं घाला आणि पोलिसांची परवानगी मार्गाच्या नकाशासह घ्या.

शेवटचा कार्यक्रम आमच्याकडे भाषणांनीच संपला. शाल-श्रीफळ घेऊन ती माणसं न बोलता घरी गेली. आता आम्ही खुर्च्या आधी सावलीत मांडतो आणि पहिला माईक त्यांच्या हातात देतो.