जुन्या सायकली कमी करताय? आधी हब पुसून बघा

जळगावात घर बदललं तेव्हा माझ्या अकरा जुन्या सायकलींतल्या चारच ठेवता येणार होत्या, अन् तेव्हा समजलं की नुसता हेडबॅज (पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला) बघून ठरवायचं नसतं. पहिले ओरिजिनल पार्ट बघा. रॅले या इंग्लिश कंपनीच्या चेनव्हीलमधे (पेडलजवळचं दातेरी चाक) बगळ्याची डोकी कापलेली दिसतात, हंबर कंपनीचा दुहेरी नळ्यांचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) तर लांबूनच ओळखू येतो, हे सगळं गेलेलं असून फ्रेमच उरली असेल तर ती सायकल आधी द्या. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मधला भाग) असेल तर ग्रीस पुसा, एडब्ल्यू या मॉडेलच्या अक्षरांजवळ ५२, ५८ असा आकडा कोरलेला असतो, ते हब बनल्याचं साल, म्हणजे १९५२, १९५८. माझ्या एकीवर ५६ निघालं अन् मी तिला लगेच विकायच्या यादीतून काढलं! जुन्या इंग्लिश रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटचे (पेडलचा आस बसतो ती जागा) आटे इंचाला २६, बाकीच्यांचे बहुतेक २४, त्यामुळे तिथला बेअरिंगचा कप खराब असेल तर २४ आट्यांचा दुसरा बसत नाही, हे नक्की तपासा. टायरचं टेन्शन नको, २८ बाय दीड इंचाचे अजून मिळतात. अन् ठेवाल त्यांच्या लेदर सीट काढून घरात ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली त्या तडकतातच.